चार तळहातांवरचा संसार

मोबाइल घेताना आपण किती रिसर्च करतो! प्रोसेसर, मेगापिक्सेल, बॅटरी... चार मित्रांना फोन, तीन दुकानांत चकरा, सेल कधी लागणार याचं तोंडपाठ टाइमटेबल. गाडी घेताना तर विचारूच नका. सनरूफ हवं की नको यावर घराघरात परिसंवाद झडतात. पण त्याच गाडीचे टायर बदलायची वेळ आली की आपला फंडा एकदम सिंपल असतो. ‘आहेत तसेच टाका दादा, आणि जरा कमी करा.’ संपला विषय!

टायरला ग्लॅमर नाही हे मान्य. काळा, गोल, मातकट. नव्या टायरचा फोटो कुणी स्टेटसला टाकत नाही. पण एक गंमत करून बघा. गाडी उभी असताना एका टायरखाली चारही बाजूंनी एकेक कागद सरकवा आणि अडेल तिथे सोडून द्या. मधे जो तुकडा उरतो, तेवढाच टायर रस्त्याला टेकलेला असतो. साधारण तुमच्या तळहाताएवढा. असे चार तळहात. टनभराची गाडी, आत नवरा, चार वर्षांची मुलगी, आई-बाबा, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वर एक फणस... हे सगळं त्या चार तळहातांवर. तुमच्या गाडीला एअरबॅग सहा असोत नाहीतर सोळा, ब्रेक किती का भारी असेनात, शेवटी रस्त्याशी जे काही बोलणं व्हायचं ते तिथूनच होतं.

मी या विषयात शिरले ते बाबांमुळे. त्यांची बायपास पुण्यात झाली, आणि दर तीन महिन्यांनी चेकअपला त्यांना पुण्याला आणायचं ठरलं. घर चिपळूणला. म्हणजे पुणे, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. जानेवारीत हा रस्ता म्हणजे पिकनिक. जुलैमध्ये तोच रस्ता म्हणजे धुकं, वाहतं पाणी, शेवाळलेले कठडे आणि वळणावळणावर समोरून येणारे ट्रकचे पिवळे दिवे. आणि जुलैचं चेकअप काही टळणार नव्हतं. आमची हॅचबॅक २०१९ ची, ४६ हजार किलोमीटर झालेले, टायर कंपनीतून आले तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी घरी जाहीर केलं, ‘या पावसाळ्याआधी टायर बदलायचे.’

लगेच घराची तीन गटांत फाळणी झाली.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. कुंभार्ली त्यांनी इतक्या वेळा उतरलाय की घाटातली माकडं त्यांना ओळखत असतील. त्यांनी खाली वाकून (वाकू नका म्हणून आई ओरडत असताना) टायरवर बोट फिरवलं आणि निकाल दिला, ‘नक्षी आहे की अजून. हा पावसाळा सहज निघेल. फारच वाटत असेल तर पुढचे दोन नवे टाक.’ नवऱ्याचं म्हणणं, बदलायचेच आहेत तर सोबत अ‍ॅलॉय पण घेऊ, एक साइज मोठे. लुक येतो. आणि न्यू जर्सीहून माझा धाकटा भाऊ, ‘ताई, डोळे मिटून ऑल-सीझन घे. इकडे सगळ्या फॅमिली कार्सना तेच असतात.’

ऑल-सीझन! नाव ऐकूनच भरून येतं ना? उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, एकच टायर. मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरले. मग शोध घेतला तेव्हा कळलं की या शब्दातले सीझन आपले नाहीतच.

भानगड अशी आहे. टायरचं रबर थंडीत कडक होतं. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की नेहमीचा टायर आखडतो आणि रस्ता धरेनासा होतो. म्हणून बर्फाच्या देशांत हिवाळ्यासाठी वेगळे, मऊ रबराचे टायर. माझी कॉलेजची एक मैत्रीण स्टुटगार्टला असते. ती वर्षातून दोनदा चारही टायर बदलते. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, मग उन्हाळी. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर उन्हाळी टायर घालून गाडी चालवली तर दंड आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगराची तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह टायरवर असेल तरच तो हिवाळी म्हणून चालतो. न वापरलेला सेट ठेवायला तिकडे चक्क टायरची हॉटेलं असतात! इथे आपल्याला सासूबाईंच्या बॅगा ठेवायला जागा नाही.

या सगळ्या उठाठेवीतून सुटका म्हणून ऑल-सीझन. अमेरिकेत ते कॉमन. टायरवर एम आणि एस अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. मध्यम उन्हाळा सोसेल आणि थोडासा बर्फही चालवून घेईल असा समजूतदार टायर. भावाच्या जागी तो बरोबरच आहे. पण आपल्याकडे बर्फ म्हणजे फार तर एखाद्या हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तेवढा, आणि तोही सकाळी पेपरात फोटो येईपर्यंत वितळलेला असतो. बर्फासाठी मऊ ठेवलेलं रबर आपल्या मे महिन्याच्या डांबरावर भराभर झिजणार. आपल्याकडे जे साधे टायर सगळ्या गाड्यांना येतात, ते बाराही महिने चालवायचे म्हणूनच बनवलेले असतात. आपल्या ऋतूंचे प्रश्न दोनच. ऊन आणि पाणी. (तिसरा ऋतू खड्ड्यांचा, पण तो बारमाही आहे.) त्यामुळे दुकानदार ‘मॅडम, ऑल-सीझन आहे’ म्हणाला की मान डोलवा आणि विचारा, ‘ओल्या रस्त्यावर कसा आहे?’

ओल्या रस्त्याचं गणित मला फार आवडलं, म्हणून सांगतेच. आमचा टायर १८५ मिलिमीटर रुंद. रस्त्यावर समजा फक्त दोन मिलिमीटर पाणी साचलंय. आपल्या दृष्टीने हे पाणीच नाही, चप्पलसुद्धा भिजत नाही. गाडीचा वेग ८०, म्हणजे सेकंदाला साधारण बावीस मीटर. करा गुणाकार. त्या एका टायरच्या वाटेत दर सेकंदाला आठ लिटर पाणी येतं. अर्धी बादली! ते पाणी बाजूला झाल्याशिवाय रबर डांबराला टेकूच शकत नाही. आणि ते बाजूला करायचं काम कोण करतं? ती नक्षी. म्हणजे ती डिझाइन नाही, ती गटारं आहेत. नव्या टायरमध्ये ही गटारं साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. झिजत झिजत ती १.६ मिलिमीटरवर आली की खाचांच्या तळाशी असलेल्या बारक्या पट्ट्या टायरच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला येतात, आणि कायद्याने टायर बाद होतो.

पण कायदा म्हणजे शेवटची पायरी झाली. तीन मिलिमीटरच्या खाली गेल्यावर टायर कोरड्या रस्त्यावर छान पळतो, उलट जास्तच मुलायम वाटतो, आणि पावसात मात्र पाणी उपसायला कमी पडू लागतो. पाणी निघालं नाही की टायर त्याच्यावर चढतो आणि गाडी तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, जणू कुणी खालून रस्ता काढून घेतलाय. त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग नाही, कारण ब्रेक चाक थांबवतो, आणि चाकाखाली रस्ताच नसतो. खोली मोजायचं छोटं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं. मी घेतलं. पुढचे टायर भरले अडीच मिलिमीटर, मागचे चार.

हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणूनच तर सांगतोय, पुढचे दोन नवे टाक.’

इथे खरी मॅच सुरू झाली. कारण मी जे वाचलं होतं ते बरोब्बर उलटं होतं. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे टाका आणि मागचे पुढे आणा, असं टायर कंपन्या आणि गाड्यांची टेस्टिंग करणारे सगळे एकमुखाने सांगतात. हे ऐकून बाबा असे हसले, जसे ते माझ्या पहिल्या पोळीला हसले होते.

त्यांची बाजू ऐका. एसटीत टायर रिमोल्ड होतात. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवायचं, त्यासाठी महामंडळाचे स्वतःचे प्लांट. पण रिमोल्ड नेहमी मागे, पुढे नवाच. ‘पुढचा टायर फुटला तर बस तुझ्या हातात राहत नाही. मागे जोडटायर असतो, एक गेला तर दुसरा सांभाळून घेतो. पन्नास माणसं बसलेली असतात मागे.’ एकतीस वर्षांत एकही पॅसेंजर न पाडलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

तरी घातला. कारण आमची गाडी म्हणजे बस नाही. तिला मागे जोडटायर नाहीत, आणि पावसातला प्रश्न टायर फुटण्याचा नाही, घसरण्याचा आहे. आता घसरणंही दोन प्रकारचं असतं. पुढचे टायर घसरले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते. घाबरून आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वेग कमी होतो, पुढच्या चाकांना पुन्हा पकड मिळते. म्हणजे घाबरट माणसाची पहिली प्रतिक्रिया इथे बरोबर ठरते. मागचे घसरले तर? गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं, गाडी स्वतःभोवती फिरायला बघते. इथे अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी आणखी जोरात फिरते. ब्रेक मारला तर विचारूच नका. इथे वाचायला शुमाकर लागतो. आमच्या मॉडेलमध्ये घसरण सावरणारी ती ईएसपी सिस्टिमही नाही. म्हणजे फेकली जाणारी बाजू मागची, म्हणून चांगली पकड मागे हवी.

जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरचीच्या डब्या फिरवून मी हे समजावलं. बाबा बघत राहिले. मग मिठाची डबी त्यांनी स्वतः फिरवून बघितली, मागून ढकलून, पुढून ढकलून. म्हणाले, ‘बसचं गणित वेगळं, खरं आहे.’ आमच्या घरात याला पूर्ण शरणागती म्हणतात. पण मागचे चार मिलिमीटरवाले पुढे टाकून दोनच नवे घ्यावेत, हा त्यांचा दुसरा प्रस्ताव तयारच होता. बारा हजार वाचत होते, आणि बाबांच्या हिशेबात बारा हजार म्हणजे अजूनही बारा हजारच असतात.

तो प्रस्ताव पडला टायरच्या वयामुळे. प्रत्येक टायरच्या बाजूला एका लांबट गोलात चार आकडे कोरलेले असतात. आमच्यावर होते १९१९. म्हणजे २०१९ सालचा एकोणिसावा आठवडा. टायरची जन्मतारीख! रबर नुसतं उभं राहूनसुद्धा म्हातारं होतं. ऊन आणि हवा त्याला सुकवत राहतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, टायर काढून टाका, असा साधारण दंडक आहे. आमच्या मागच्या दोघांच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसायला लागल्या होत्या. आमची सोसायटीतली पार्किंगची जागा उघड्यावर, सहा उन्हाळे पश्चिमेचं ऊन खाल्लेलं. बाबांनी चष्मा लावून चिरा बघितल्या, नख लावलं. ‘चारही टाक. बिल मला दाखवू नकोस.’

नवऱ्याच्या अ‍ॅलॉयचा निकाल त्यामानाने चटकन लागला. टायरवर लिहिलेली लांबलचक अक्षरं एकदा वाचता आली की निम्मी सेल्समनगिरी आपोआप गळून पडते. आमच्यावर लिहिलंय १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल, रिम १५ इंच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालेल. (कुंभार्लीत नाही, कागदावर.) नवऱ्याने पसंत केलेला टायर होता १९५/५५ आर १६. बाहेरून उंची जवळपास तेवढीच, पण रिम मोठी म्हणून रबराची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर आलेली. ते तेरा मिलिमीटर म्हणजे खड्डा आणि रिम यांच्या मधली गादी. शोरूमच्या चकाचक फरशीवर ही गादी कापलेली सुंदर दिसते. पाटणच्या पुढे तिची किंमत कळते. टायरच्या भिंतीला फुगा येतो, आणि भिंतीची दुरुस्ती होत नाही, टायर थेट भंगारात. ‘मग स्टिकर तरी लावू का?’ एवढंच तो म्हणाला.

ब्रँडबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. इथे प्रत्येक घराची एक निष्ठा असते, चहाच्या पावडरीसारखी. मला त्यांच्या गोष्टी जास्त आवडल्या. एमआरएफ १९४६ मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवत होती. सिएट हे नाव इटलीच्या तुरीन शहरातून आलेलं आहे. ब्रिजस्टोनच्या संस्थापकाचं आडनाव इशिबाशी, जपानीत दगडी पूल; तेच उलटवून इंग्रजी नाव केलं, आणि आता त्यांचा कारखाना आपल्या चाकणला आहे. पण एकाच कंपनीचे चार-पाच मॉडेल असतात आणि त्यांचे स्वभाव सख्ख्या भावंडांइतके वेगळे. टायर बनवणाऱ्यांसमोर कायम एक त्रिकोण असतो. टिकाऊपणा, ओल्यातली पकड, मायलेज. एक कोपरा ओढला की बाकीचे दोन आक्रसतात. १९९२ मध्ये मिशेलॅनने रबरात काजळीच्या जोडीला मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून पकड आणि मायलेज थोडे एकत्र नांदायला लागले. पण तिन्ही कोपरे फुल मिळत नाहीत. म्हणून दुकानात जाऊन ‘चांगला टायर दाखवा’ म्हणणं म्हणजे ‘चांगला नवरा दाखवा’ म्हणण्यासारखं आहे. कशासाठी चांगला, ते आपण ठरवायचं. रोज शहरात साठ किलोमीटर कापणाऱ्याने टिकाऊपणा आणि मायलेज बघावं. मला घाटातला पाऊस दिसत होता. मी लाइफ पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालेल पण ओल्यातली पकड हवी असं ठरवून गेले.

नियमही आता मदतीला आहेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने कारच्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांच्या किमान अटी आणल्या. आयएसआय मार्क तर त्याआधीपासूनच सक्तीचा आहे. म्हणजे पास होण्यापुरते मार्क सगळ्यांनाच असतात. डिस्टिंक्शन कुणाला, ते आपण शोधायचं.

आधी एका एसी शोरूममध्ये गेले. कॉफी मिळाली. टायरपेक्षा नायट्रोजनवर जास्त लेक्चर मिळालं. नायट्रोजन वाईट नाही, त्यात ओलावा नसतो, दाब जरा स्थिर राहतो. पण आपण फुकट भरतो त्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मी म्हटल्यावर कॉफीचा दुसरा कप आला नाही. टायरची तारीख विचारली तर दाखवलेला टायर दोन वर्षांचा निघाला.

मग सातारा रोडवरचं एक जुनं दुकान. काका स्वतः ग्रीसच्या हातांनी बसलेले. मी तारखा बघायला लागले तर त्यांनी न बोलता आतून दुसरे चार टायर काढून आणले, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बनलेले. ‘तुम्ही बघणाऱ्या दिसता,’ म्हणाले. माझ्या अलीकडच्या अप्रेझलमध्ये इतकं चांगलं वाक्य नव्हतं. नक्षी असिमेट्रिक होती, त्यामुळे ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आहे ना, हे चारही चाकांवर मी बघून घेतलं. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. काकांनी बजावलं, ‘पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने. नव्या रबरावर साच्याचं गुळगुळीत काहीतरी राहिलेलं असतं, ते निघू द्या.’ आणि दर आठ-दहा हजारांनी पुढचे मागे, मागचे पुढे फिरवून घ्यायचे, म्हणजे चारही एकसारखे झिजतात.

बिल चोवीस हजारांच्या आसपास झालं. जीएसटी तेव्हा २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. पण पाऊस जीएसटी कौन्सिलसाठी थांबत नाही. त्या वर्षी तर तो २६ मे लाच मुंबई-पुण्यात दाखल झाला. आणि चोवीस हजार हा आकडा एकरकमी दिसतो म्हणून टोचतो. पंचेचाळीस हजार किलोमीटर धरा, किलोमीटरला पडतात त्रेपन्न पैसे. तेवढ्याच किलोमीटरला तेव्हा माझं पेट्रोल साडेसहा रुपयांचं जात होतं. ही आकडेमोड मी बाबांसाठी केली होती. त्यांना बिल दाखवायचं नव्हतं ना, म्हणून पैशांत सांगितलं.

टायर घेतले की काम संपलं असं नाही, उलट फुकटातलं काम तिथे सुरू होतं. हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेला दाब तुमचा. टायरवर कोरलेला मोठा आकडा हा त्याच्या सहनशक्तीचा शेवट आहे, तो भरायचा नसतो. आणि हवा थंड टायरची बघायची, सकाळी, दोन-तीन किलोमीटरच्या आत. तापमान दहा अंशांनी चढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारचं रीडिंग खोटं बोलतं. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त मुडपतो, मुडपला की तापतो, आणि मे महिन्यात विदर्भात १२० च्या वेगाने तासन् तास तापत राहिला की काय होतं ते आपण समृद्धी महामार्गाच्या बातम्यांत वाचलेलं आहे. २०२३ मध्ये परिवहन खात्याने तिथे शिरण्याआधी टायर तपासायला आणि गोटा झालेले टायर असतील तर गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. सरळ, गुळगुळीत, मोकळा रस्ता टायरला खड्ड्यांपेक्षा जास्त छळतो, हे मला माहीतच नव्हतं.

जुलैच्या चेकअपला मी एकटीच आणायला गेले. परतीला, म्हणजे चिपळूणहून पुण्याकडे येताना, पोफळीपासूनच पाऊस. वायपर फुल स्पीडवर. बाबा शेजारच्या सीटवर, छातीवर सीटबेल्टखाली आईने घडी घालून दिलेला टॉवेल, आणि उजवा पाय रिकाम्या फ्लोअरमॅटवर प्रत्येक वळणाला ब्रेक दाबणारा. एका वळणावर डोंगरातून आलेलं पाणी रस्ता आडवा कापून वाहत होतं. मी आधीच वेग चाळीसच्या खाली आणला होता. गाडीने पाणी कापलं, स्टिअरिंग होतं तेवढंच जड राहिलं. बाबांचा पाय मॅटवरून उचलला गेला. पुढची तीन-चार वळणं तो उचललेलाच होता.

कोयनानगरला चहासाठी थांबलो. मी पैसे देऊन बाहेर येते तो काय, बाबा भर पावसात छत्री मिटून, छत्रीच्या दांड्याने चारही टायरवर एकेक टोला मारत गाडीभोवती फिरतायत. आगारात पहाटे ड्यूटीवर निघताना लोखंडी सळईने मारायचे, तसाच. टोला मारायचा आणि कान द्यायचा.

‘मागच्या दोनात हवा जरा कडक वाटते. काढतेस का थोडी?’

‘बाबा, गरम आहेत आत्ता. सकाळी बघू.’

त्यांनी आणखी एकदा टोला मारला. कान दिला. ‘बरं,’ म्हणाले, ‘सकाळी बघू. पण मी बघणार.’